गुठळ्या राहू द्या

दिवाळीच्या सुट्टीत नात नागपूरहून तिरोड्याला आली, ती कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठं खोकं घेऊन. खोक्यात ओव्हन होता. चॉकलेटचे आणि फळांचे मफिन करायचे, असं तिने स्टेशनवरून घरी येता येताच जाहीर केलं. माझी आई, म्हणजे तिची पणजी, खाटेवर बसून ते खोकं उघडताना बघत होती.

"काऊन रे बाबू, घरात चूल आहे, गॅस आहे, अन् हे तिसरं कशाले?"

आमच्या घराला भट्टीतलं गोड माहीत होतं ते नानकटाईपुरतं. माझ्या लहानपणी दिवाळीआधी मैदा, रवा, साखर आणि डालडा पिशवीत भरून बेकरीत नेऊन द्यायचा, तिथल्या बाकावर नंबर लावून बसायचं आणि आपल्याच मैद्याची नानकटाई आपल्याला परत मिळते आहे ना, यावर डोळा ठेवायचा. आता बेकरीच घरी आली होती.

ओव्हन दीड हजार वॅटचा. आमच्या गावाला लागून ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे हिशेब आपोआप झाला : असे बावीस लाख ओव्हन एकाच वेळी तापवता येतील. आमच्या घरी एकही तापला नाही. पिन घातली, बटण दाबलं आणि फट्कन आवाज होऊन घर अंधारलं. यात वीज केंद्राचा काही दोष नव्हता. आमच्या भिंतीतली वायर माझ्या लग्नाच्या आधीची आहे आणि लग्नाला आता चाळीस वर्षं होतील. वायरमन म्हणाला, दिवाळी झाल्यावर येतो. कोणती दिवाळी, ते बोलला नाही.

नातीचे डोळे भरून आलेले बघून आई उठली. माळ्यावरचा मोठा जर्मनचा गंज काढायला लावला. घर बांधताना उरलेली वैनगंगेची रेती मागच्या अंगणात होती, ती चाळून, धुऊन, वाळवून गंजाच्या तळाशी दोन बोटं पसरली. (रेतीचे आजचे भाव बघता पुढच्या खेपेला साखर पसरणं परवडेल.) वर जाळी, त्यावर स्टीलच्या वाट्या, वर झाकण. मुरमुरे भाजणारे रेती वापरतात तेच शास्त्र : रेती उशिरा तापते, पण तापली की सगळीकडून सारखी ऊब देते. प्रश्न राहिला मफिनला लागणाऱ्या १८० अंशांचा. आईने नव्या धानाचे चार दाणे रेतीत टाकले. थोड्या वेळाने एकाची लाही झाली. "जास्त झालं," म्हणून तिने गॅस बारीक केला. हे तापमान मोजणं मला कुठल्याच वर्गात शिकवता आलं नसतं.

मग कोकोची डबी निघाली. आईने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. माझ्यातला मास्तर जागा झाला. मी सांगितलं की कोकोच्या बिया आंबवतात, भाजतात, दळतात. मग दाबयंत्रात घालून त्यातलं लोणी काढून घेतात. १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन घराण्याने या युक्तीचं पेटंट घेतलं. आणि लोणी निघून गेल्यावर जो चोथा उरतो, त्याची ही पावडर.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ढेप."

"ढेप कशी?"

"तेल काढल्यावर उरते ते ढेपच ना? आपण ढोरायले देतो, ते पोरायले देतात."

नातीने कृती वहीत लिहून आणली होती. दीड वाटी मैदा, पाव वाटी कोको, पाऊण वाटी साखर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात दोन काळी पडलेली केळी कुस्करून, अर्धी वाटी दही, तेवढंच दूध, थोडं कमी तेल. ओलं कोरड्यात ओतायचं, दहा-बारा वेळा हलक्या हाताने फिरवायचं आणि थांबायचं. खाली लाल शाईत सूचना : गुठळ्या राहू द्या.

ही सूचना आईला पटणं शक्यच नव्हतं. पिठल्याला आमच्याकडे चून म्हणतात, आणि चुनात गुठळी राहिली तर सुनेचं माहेर निघतं. साठ-पासष्ट वर्षं जी बाई गुठळीशी लढली, तिला कोणी नऊ वर्षांची पोर सांगणार की शत्रूला आत राहू दे? नात वाट्यांना तेल लावायला वळली तेवढ्यात आईने भांडं मांडीवर ओढलं आणि लाकडी चमच्याने पाव तास घोटलं. पीठ आरशासारखं चकचकीत झालं. मफिनही वरून चकचकीतच झाले. आत मात्र आगपेटीची काडी सहज जाईल अशी लांब भुयारं, आणि चावायला सायकलची ट्यूब.

कारण साधं आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन होतं. जितकं फेटाल तितकी त्याची जाळी चिवट होते. दही आणि सोड्यातून निघालेल्या वायूला मग बाजूला पसरता येत नाही, तो वरच्या दिशेने बोगदे काढत सुटतो. पोळीला हा चिवटपणा हवा असतो, मफिनला नको.

पण मला वाटतं, चूक आईच्या हाताची नव्हती, मुलखाची होती. आम्ही झाडीपट्टीतली माणसं, धानाची. तांदळात ग्लुटेन नाही, चुनातही नाही. तांदळाच्या आयत्याचं पीठ सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटा, ते रुसत नाही. अशा पिठांवर वाढलेला हात गव्हापुढे थांबेल कसा?

दुसरा घाणा सीताफळाचा. हा हट्ट माझा. तासभर बसून बिया काढल्या, गर मोजून घातला, गुठळ्या डोळ्यांत तेल घालून सांभाळल्या. मफिन फुलले, वास सुंदर आला आणि चव कडू. सीताफळाच्या गराला आच लागली की तो कडवट होतो. म्हणून तर बासुंदीत तो गार झाल्यावर घालतात. हे आईला ठाऊक होतं.

"मग आधी सांगितलं काऊन नाही?"

"तू ढेपेचा इतिहास सांगून राहिला होता."

तिसऱ्या दिवशी बाजारात उकडलेले शिंगाडे दिसले. मालगुजारी तलावांच्या या मुलखात दिवाळीच्या सुमारास ते ढिगाने येतात. काळी साल सोडवता सोडवता बोटं काळी होतात, पण आतला गर पांढराशुभ्र, किंचित गोड, टणक. शिंगाडाही फळच. त्याचे तुकडे मैद्यात घोळवले, म्हणजे तळाशी बसत नाहीत, आणि केळ्या-कोकोच्या पिठात टाकले. दहा वेळा फिरवून नातीने भांडं उचलून थेट पाठीमागे लपवलं. वीस-बावीस मिनिटांनी झाकण काढलं. मऊ चॉकलेटमध्ये मध्येच शिंगाडा दाताखाली येत होता. नातीने चार खाल्ले, मी किती ते घरात सांगितलेलं नाही.

आईने अर्धा खाल्ला. "हे तं गुलगुलाच होय. तेलात नाही पडला, इतकंच."

मग तिने तिच्या वाटणीचं पीठ वेगळं मागितलं, मैदा वगळून, नव्या तांदळाचं. आम्ही दिलं. खाटेवर भांडं मांडीत घेऊन ती घोटत बसली, एकही गुठळी शिल्लक राहिली नाही तोवर. कोणी अडवलं नाही. तिचे मफिन वाटीतून निघेनात, निघाले ते भुगा होऊनच. तिने तो भुगा बशीतल्या चहात ढकलला आणि चमच्याने खाल्ला. नातीने वही उघडून लाल शाईच्या ओळीखाली निळ्या शाईने लिहिलं : पणजीला तांदळाचं पीठ द्यावं.

वायरमन अजून आलेला नाही. ओव्हनच्या खोक्यात सध्या आईने लाखोळीची डाळ ठेवली आहे.