बंदीचा बंदोबस्त

मनाई करण्यासाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. अरबीतून आलेली ‘मनाई’, संस्कृताने दिलेले ‘निषिद्ध’ आणि ‘वर्ज्य’, देवडीवरच्या पहारेकऱ्याच्या तोंडी शोभणारा ‘मज्जाव’, शिवाय ‘अटकाव’ आणि ‘प्रतिबंध’ अशी सारी मंडळी हजर असताना राज्यकारभाराने कौल दिला तो ‘बंदी’ या शब्दाला, आणि ही निवड किती दूरदृष्टीची होती हे त्या शब्दाचे कूळ तपासल्याशिवाय लक्षात येत नाही.

या शब्दाच्या मुळाशी फारसीतील ‘बंद’ आहे आणि त्याचा मूळ अर्थ बांधणे असा आहे. बांधण्याची प्रयोजने मात्र दोन असतात: बैलाला दावे बांधतात ते त्याने कोठे जाऊ नये म्हणून, आणि कडब्याची पेंढी बांधतात ती नीट उचलून नेता यावी म्हणून. पहिल्या प्रयोजनातून संचारबंदी, चराईबंदी, निर्यातबंदी असे शब्द निघाले, तर दुसऱ्यातून तटबंदी, जमाबंदी आणि हप्तेबंदी निघाली. जमाबंदी म्हणजे जमिनीचा सारा ठरवून बांधून देणे. जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यात असून तेथे जमेवर कोणतीही बंदी नाही, परंतु याच शब्दात एक ‘व’ घातला की जमावबंदी होते आणि पाच माणसांना एकत्र उभे राहणे अवघड होते. हप्तेबंदी म्हणजे देणे हप्त्याहप्त्याने फेडण्याची सोय. तिचा अर्थ कोणी ‘हप्त्यांवर बंदी’ असा लावला, तर किती कचेऱ्यांत घबराट पसरेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. रोखणारी बंदी आणि व्यवस्था लावणारी बंदी या कोशात दोन निराळ्या नोंदी असल्या, तरी व्यवहारात पहिली काही काळाने दुसरीत मुरते, आणि ‘बंदोबस्त’ हा शब्द त्याच घराण्यातला असल्याने या मुरण्यात भाषेच्या दृष्टीने वावगे असे काही घडत नाही.

याचे शास्त्रशुद्ध उदाहरण म्हणजे दारूबंदी. 1949 सालचा मुंबई दारूबंदी अधिनियम महाराष्ट्रात अद्याप लागू आहे. मधल्या काळात त्याच्या नावातील मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, दारूबंदी मात्र जागची हलली नाही. या कायद्याची रचना अशी की आधी सर्वांना सर्व काही मना करायचे आणि मग परवान्याच्या खिडकीतून एकेकाला आत घ्यायचे. परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि 1000 रुपये भरल्यास तहहयातही मिळतो. एका दिवसाच्या परवान्याचा दर देशी दारूसाठी 2 रुपये आणि विदेशीसाठी 5 रुपये असा ठरलेला असून, येथे ‘विदेशी’ हे विशेषण भूगोलाचे नसून प्रतिष्ठेचे आहे, कारण ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ नावाची वस्तू सरकारी कागदोपत्री निःशंकपणे नांदत असते. परवाना द्यायचा तो आरोग्याच्या रक्षणासाठी, अशी त्यामागची भूमिका असल्याने, संध्याकाळी ‘परमिट रूम’ असा फलक लावलेल्या अंधाऱ्या खोलीत बसलेले सर्व गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने प्रकृतीची काळजी घेत असतात. ही काळजी इतकी सार्वत्रिक आहे की दारूबंदीच्या कायद्याखाली नांदणाऱ्या या राज्याला मद्यावरील उत्पादन शुल्कातून अलीकडे वर्षाला 20 हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळतो. पूर्णपणे मना केलेल्या गोष्टीतून इतके उत्पन्न काढणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली बालसरा खटल्यात हा कायदा बहुतांशी वैध ठरवताना मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने त्यातून वगळली, म्हणजे व्यवस्थेचा पहिला दरवाजा कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी उघडला. जिल्ह्यांची कथा वेगळी आहे. वर्ध्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे आधीपासून आणि गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे 1993 पासून खरोखरची, म्हणजे परमिट रूम नसलेली, दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. गावोगावच्या स्त्रियांनी दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितले, तर मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापल्या जातात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडव्या बाटलीला हजर असलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, त्यामुळे सासरी गेलेली, परगावी मजुरीला गेलेली आणि नाव कमी न झालेली दिवंगत, अशा सर्व स्त्रिया नियमाच्या कृपेने उभ्या बाटलीच्या बाजूने उभ्या राहतात.

गुटखाबंदीची तऱ्हा याहून नाजूक आहे. अन्न सुरक्षेच्या 2006 सालच्या कायद्यानुसार आयुक्तांना एखाद्या पदार्थावर बंदी घालता येते ती जास्तीत जास्त एका वर्षासाठी, म्हणून 2012 साली महाराष्ट्रात आलेली गुटखाबंदी दरवर्षी नव्याने जाहीर करावी लागते. ज्या बंदीचा वाढदिवस साजरा होतो अशी ही बहुधा एकमेव बंदी असावी, आणि पानटपरीवरची पुडी दर वाढदिवसाला थोडी महाग होते. पोलिसांचे मनाई आदेश तर याहून अल्पायुषी असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली निघणारा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीवाचून 15 दिवसांपलीकडे चालत नाही, म्हणून सोळाव्या दिवशी दुसरा निघतो आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘जिल्ह्यात मनाई आदेश जारी’ ही बातमी पंचांगातल्या एकादशीसारखी पंधरवड्याने उगवते. सोटे, भाले आणि दगड बाळगण्याबरोबरच जाहीरपणे गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, हावभाव करणे आणि नकला करणे हेही या कलमाच्या कक्षेत येते, पण आदेश चालू असताना त्याच जिल्ह्यात वराती निघतात, डीजे वाजतात आणि नेत्यांच्या नकला करणारे वक्ते सभा गाजवतात, कारण परवानगी घेतलेल्यांना आदेश लागू नसतो आणि न घेतलेल्यांना तो ठाऊक नसतो.

भिंतीवरच्या फलकांचे व्याकरण याच वृत्तीला पोषक आहे. ‘येथे थुंकू नये’ ही रचना भावे प्रयोगातली असल्याने कोणी थुंकू नये हे तिच्यात सांगावे लागत नाही, आणि वाचणारा प्रत्येक जण ते दुसऱ्याला उद्देशून आहे असे समजतो. ‘मनाई आहे’ यात मनाई करणारा कोण हेही गुलदस्त्यात राहते. बाहेर ऊन आहे, रस्त्यावर गर्दी आहे, तशी येथे मनाई आहे, आणि उन्हाची तक्रार न करता लोक जसे चालत राहतात तसे मनाईतूनही चालतात. ही उणीव भरून काढण्यासाठी फलकाखाली ‘हुकुमावरून’ लिहिण्याची प्रथा पडली, परंतु हुकूम कोणाचा ते तेथेही लिहीत नाहीत. पुढे ‘सक्त’ हे विशेषण आले. कैद साधी असते आणि मजुरी सक्त असते, हे कोर्टाच्या बातम्या वाचून प्रत्येकाला माहीत असल्यामुळे, नुसत्या मनाईला साधी मनाई समजून तिच्या पायथ्याशीच कचरा टाकला जाऊ लागला, तेव्हा ‘सक्त मनाई’ लिहिणे भाग पडले. आता सक्तही अपुरे वाटू लागल्याने भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींच्या फरशा बसवतात.

संस्कृताचा मान राखायचा, तर ‘निषेध’ या शब्दाची अवस्था पाहवत नाही. मीमांसकांच्या परिभाषेत विधी म्हणजे करावे असे सांगणारे वाक्य आणि निषेध म्हणजे करू नये असे सांगणारे वाक्य. कलंज नावाचा पदार्थ खाऊ नये, एवढ्या एका निषेधावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. आजच्या मराठीत निषेध म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीबद्दल काळ्या फिती लावणे. जो शब्द कृती थांबवत होता तो आता कृती पार पडल्यावर निवेदन द्यायला जातो.

धर्माने घातलेल्या बंदीला निदान स्वतःची व्यवस्था लपवण्याची गरज वाटली नाही. चातुर्मासात कांदा आणि वांगी वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून दोहोंचा यथेच्छ समाचार घ्यायचा, आणि खंडोबाच्या घरांतून चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगे करून बंदी उठवायची. श्रावणात सामिष वर्ज्य, म्हणून आदल्या अमावास्येची गटारी. बंदीच्या दोन्ही टोकांना मेजवानी बांधण्याची ही दृष्टी कोणत्याही अधिसूचनेत आढळत नाही.

अधिसूचनेशिवाय, दंडाशिवाय आणि फलकाशिवाय पाळली जाणारी बंदी पाहायची असेल, तर मैफलीत जावे लागते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, मालकंसात ऋषभ आणि पंचम, आणि ते लागले तर तिसऱ्या रांगेतला निवृत्त हेडक्लार्कसुद्धा मान वळवून पाहतो. तरीही शास्त्रकारांनी ‘विवादी’ नावाची एक सवड ठेवली आहे, जिच्या आधारे वर्ज्य स्वरही कुशल गवयाला रंजनासाठी किंचित लावता येतो. आणि किंचितपेक्षा जास्त लागलाच, तर तंबोरे खाली ठेवता ठेवता आजचा राग ‘मिश्र’ होता असे सांगता येते.