झटपटकाका

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या सर्कलवर संध्याकाळी सहानंतर थोडा वेळ उभं राहिलं, की एक तरी झटपटकाका भेटतोच. ओळखायला सोपा. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारा शेवग्याचा पाला, पायात फिरायला जायचे पांढरे बूट आणि तोंडी एकच वाक्य, "काही नाही रे, वीस मिनिटांचं काम!" काम म्हणजे रात्रीचं जेवण. जेवण म्हणजे कोंबडी-भात. आणि तो नुसता कोंबडी-भात नव्हे, पौष्टिक कोंबडी-भात. हा 'पौष्टिक' उच्चारताना काका आवाज किंचित खाली आणतात, देवळात शिरल्यावर आणतात तसा.

माणूस पूर्वी कुठल्याशा कचेरीत बऱ्या हुद्द्यावर होता. त्याच्या टेबलावर आलेली फाईल एखादा पावसाळा काढल्याशिवाय पुढे सरकली नाही, असं जुने सहकारी सांगतात. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला वेगाची गोडी लागली. निमित्त झालं रक्ततपासणीचं. साखर जरा वरच्या अंगाला निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "भात कमी करा." कोकणातल्या माणसाला हे ऐकवायला डॉक्टर बाहेरगावचाच लागतो. काका घरी आले, कोणाशी बोलले नाहीत, रात्री मोबाईल घेऊन बसले आणि पहाटेपर्यंत त्यांनी पळवाट शोधून काढली होती. भात कमी करायचा नाही, भात बदलायचा! पांढरा गेला, लाल आला. सोबत प्रोटीन आलं, म्हणजे कोंबडी आली. थोडक्यात, जे खायचं होतं तेच आता औषध म्हणून खायची सोय झाली.

इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. घोळ झाला तो 'झटपट' आणि 'पौष्टिक' यांना एकाच कुकरात घालण्याचा. या दोघांचं मुळात पटत नाही. लाल तांदूळ पौष्टिक, कारण त्याच्या अंगावरचा कोंडा शाबूत असतो. आणि कोंडा शाबूत असतो म्हणूनच पाणी आत शिरायला वेळ लागतो. दोन तास भिजवला नाही तर शिट्ट्यांमागून शिट्ट्या होतात आणि भात दाताखाली करकरतोच. कोंबडीचंही तेच. ब्रॉयलर स्वभावानेच झटपट. अंड्यातून बाहेर पडल्यापासून सहा आठवड्यांत दोन किलोची होते आणि पातेल्यात पडल्यावर पाव तासात मऊ होते. पण ती काकांच्या शास्त्रात बसत नाही. त्यांना गावठीच हवी. ती आयुष्यभर परड्यात धावलेली असते, त्यामुळे चवीला उजवी आणि शिजायला हट्टी.

त्यात गावठी मिळवणं हे एक स्वतंत्र खातं आहे. दुकानदार "गावठी, एकदम गावठी" म्हणून जी पुढे करतो, ती बऱ्याचदा वनराज नाही तर गिरिराज असते. एकीचं मूळ हैदराबादच्या संशोधन संस्थेत, दुसरीचं बंगळुरूला. पिसं तांबडी, चाल ऐटबाज, पण गाव मात्र आपलं नव्हे. काका तिला चहूबाजूंनी न्याहाळतात, पंख उचलून बघतात, दुकानदाराला "कुठल्या वाडीतली?" असं विचारतात. तोही काही कच्चा नाही. "काका, तुम्ही सांगाल त्या वाडीतली," म्हणतो.

बरं, कोंबडी कुठल्याही दिवशी आणून चालत नाही. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा, आणि गणपतीपुळे इतक्या जवळ असताना त्याच्याशी वाकडं घेण्यात अर्थ नाही. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यात एकादशी, संकष्टी, कोणाच्या तरी वडिलांचं श्राद्ध आणि सबंध श्रावण वजा करायचा. म्हणजे काकांचं झटपट जेवण ठरतं ते आठवडाभर आधी, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर चष्मा लावून. मुहूर्त निघाला की आळीत निरोप फिरतो, "बुधवारी या रे. सहज. वीस मिनिटांत करतो."

ही वीस मिनिटं नेमकी कुठून कुठपर्यंत मोजायची, ते समजून घ्यायला हवं. मोबाईलचं घड्याळ काका लावतात ते गॅस पेटवताना. त्याआधीचं सगळं 'तयारी' या सदरात जातं आणि तयारी हिशेबात धरत नाहीत. कुकर उतरवला की घड्याळ बंद. वाफ जिरायला लागणारी दहा मिनिटं कुकरची, काकांची नव्हेत. पुढचं ते 'आवराआवर', तीही हिशेबाबाहेर. या पद्धतीने मोजलं तर कोकण रेल्वेसुद्धा वीस मिनिटांत बांधून झाली म्हणता येईल.

तयारी काकू करतात. दुपारी जेवणं उरकली की त्या लाल तांदूळ निवडून भिजत घालतात. नारळ सोलून फोडतात, विळीवर बसून खवतात. कांदा उभा चिरतात आणि मग लोखंडी कढईत तो तांबूस होईपर्यंत परततात. या कांद्याबद्दल मला दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण जगातल्या सगळ्या झटपट पाककृती ज्या एका थापेवर उभ्या आहेत, ती थाप म्हणजे कांदा. व्हिडिओत बाई कांदा तेलात टाकते, कॅमेरा क्षणभर दुसरीकडे बघतो आणि परत येतो तोवर कांदा सोनेरी! खऱ्या कढईत तो आधी पाणी सोडतो, मग नुसता मऊ पडतो, मग बराच वेळ काहीच करत नाही, आणि आपण दुसऱ्या कामाला वळलो रे वळलो की करपतो. त्याच्यापाशी उभं राहायला माणूस लागतं. काकूंचं उभं राहणं घड्याळात येत नाही. कांद्यापाठोपाठ खोबरं, आलं, लसूण, चार मिरी. सगळं गार झालं की वाटप. नेमकी तेव्हा लाईट गेली, आणि पावसाळ्यात ती जातेच, तर मिक्सर बाजूला ठेवून पाटा-वरवंटा. वाटपाचा गोळा वाटीत झाकून ठेवून काकू पदराला हात पुसतात, तेवढ्यात बूट काढत काका आत येतात आणि विचारतात, "काय अगो, सुरुवात करायची ना?"

आणि मसाला? तो तर वर्षाच्या तयारीतला. एप्रिल-मेमध्ये आळीतल्या गच्च्या लाल होतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी नाही तर संकेश्वरी. एक घर दुसऱ्या घराला प्रमाण खरं सांगत नाही. मिरच्यांना कडक ऊन दाखवायचं, बसून देठं काढायची, आणि हाताची आग रात्रभर खोबरेल लावून सोसायची. धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, शहाजिरं, खसखस, हळकुंड, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाचा करपायचा क्षण वेगळा. मिरच्या तव्यावर पडल्या की शेजारच्या चार घरांना ठसका लागतो आणि कोण मसाला करतंय ते न सांगता कळतं. मग डबे घेऊन कांडपाच्या गिरणीत रांग. आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून डंखाशेजारी डोळ्यांत तेल घालून, खरं तर डोळ्यांत तिखट घालून, बसायचं. घरी आणून चाळायचा, बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचा खडा. या काळात काका कुठे असतात? आंब्याच्या पेट्यांपाशी. मुंबईच्या कोणत्या नातेवाइकाला किती डझन धाडायचे, याचं नियोजन करत. पुढे वर्षभर त्या बरणीतले दोन चमचे कुकरात घालताना ते पाहुण्यांकडे वळून सांगतात, "बघ, बाहेरचं काही नाही. सगळं घरचं. म्हणून तर झटपट होतं!"

प्रत्यक्ष वीस मिनिटं मात्र बघण्यासारखी असतात. काका गॅससमोर उभे राहिले की ओटा त्यांचा, उजेड त्यांचा, आणि काकूंनी फक्त मागेल ते पुढे करायचं. "हळद." हळद येते. "कोंबडी." दही, हळद, आलं-लसूण लावून मुरलेली कोंबडी येते, ती कधी मुरली हे कोणी विचारत नाही. तेल चमच्याने मोजून, कारण पौष्टिक. मसाला, वाटप, कोंबडी, शेवग्याचा पाला, भिजलेला तांदूळ, गरम पाणी, दोन आमसुलं. झाकण. मग शिट्टीची वाट बघताना व्याख्यान. कुकरात पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, हे आम्हाला माहीत असल्याचं त्यांना माहीत आहे, तरी ते सांगतातच. शिरगावचं भात संशोधन केंद्र आणि भाट्याचं नारळ संशोधन केंद्र यांचा उल्लेख असा होतो, की दोन्ही ठिकाणी काकांचा सल्ला घेतल्याशिवाय बियाणं बाहेर पडत नसावं.

पण त्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते, आणि ती खरीही आहे. डच डॉक्टर आइकमन, ठिकाण बटाव्हिया, म्हणजे आजचं जाकार्ता, काळ 1890 च्या आसपासचा. तो बेरीबेरीवर संशोधन करत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या. तपास करता कळलं, की लष्करी इस्पितळात उरलेला सडीक पांढरा भात त्यांना घातला जात होता. पुढे स्वयंपाकी बदलला. नवा नियमाचा पक्का. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना का म्हणून, असं म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांना असडी तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालायला लागल्या. त्या धाग्यावरून पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि 1929 मध्ये आइकमनला नोबेल मिळालं. काका शेवटी बोट वर करून म्हणतात, "कोंबडी आणि लाल भात! संबंध आजचा नाही!"

एकदा ही गोष्ट संपत असताना काकू कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाकी बदलला, म्हणून कोंबड्या बऱ्या झाल्या तर." नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, आणि काकांनी ती उत्तर म्हणून घेतली.

चव? चव उत्तम असते, यात वाद नाही. उत्तम असणारच. लाल भाताला दाणेदार चव आहे, आमसुलाचा आंबटपणा मसाल्याला जागेवर ठेवतो, आणि गावठी असली किंवा हैदराबादची, कोंबडी वाटपात मुरलेली असते. नातवाचं मत वेगळं. तो ताटात बघून "वडे कुठायत?" म्हणतो. त्याला कोंबडी-वड्यांतली कोंबडी ठाऊक. वड्याविना कोंबडी म्हणजे त्याच्या लेखी जेवणाची पूर्वतयारी. काका त्याला तळणाचे तोटे सांगतात. तो ऐकून घेतो, सोलकढी पितो आणि पुन्हा विचारतो, "वडे कुठायत?" मला मुलगा आवडतो.

पाहुणे "वा, काका!" म्हणत उठतात. ओट्यावर कढई, मिक्सरची तिन्ही भांडी, खोबऱ्याचा चोथा, विळी, कुकर, तळाला लागलेला भात. काका मोबाईल पुढे करतात: एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद. त्याचाही फोटो काढून ठेवलेला असतो.

काका घरी नसले तर काकू काय जेवतात, हे मी एकदा पाहिलं. उकड्या तांदळाची पेज, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, कैरीचं लोणचं. पेज आपली आपण शिजत होती आणि काकू मालिका बघत होत्या. घड्याळ कोणी लावलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात काका मुलीकडे पुण्याला गेले. कोथरूडच्या स्वयंपाकघरात त्यांनी आपली वीस मिनिटं जाहीर केली. जावयाचे मित्र आले, कोंबडी आली, घड्याळ लागलं. आणि मुलीची मसाल्याची बरणी उघडली तर तळाला फक्त हिंगाचा खडा. काकांनी रत्नागिरीला फोन लावला. पुढचं मला काकूंनीच सांगितलं.

"अगो, मसाला संपलाय हिचा. काय काय असतं त्यात? झटकन सांग, गॅस पेटवलाय."

"लिहून घ्या," काकू म्हणाल्या. "पहिलं, चैत्रातलं कडक ऊन."

पलीकडे काही क्षण शांतता. मागे कुकर फुसफुसत होता. मग काकांनी विचारलं, "ते इथे कुठल्या दुकानात मिळेल?"