उत्तरायणी

सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो त्या कालखंडास पंचांगकर्ते उत्तरायण म्हणतात. परंतु लंडनसारख्या शहरांतील सुस्थित मध्यमवर्गात सूर्याकडे पाठ फिरवून स्वतःच उत्तरेकडे सरकणारी एक जात आढळते, तिला येथे 'उत्तरायणी' हे नाव दिले आहे. शेजारी स्पेनमधील बेनिडॉर्मच्या वाळूत लोळून तांबडे होऊन परततात, हा गृहस्थ आइसलँडहून केवळ नाक तांबडे करून परततो, आणि या दोन तांबडेपणांत केवढा नैतिक फरक आहे हे पटवल्याशिवाय समोरच्याला चहाचा पेला खाली ठेवू देत नाही.

परंपरेचे पाठबळ त्याला आहेच. कवी व कलावंत विल्यम मॉरिस १८७१ आणि १८७३ साली त्या बेटावर तट्टांवरून हिंडला. 'सागा', म्हणजे तेथील मध्ययुगीन गद्यकथा, त्याने एका आइसलँडी विद्वानाच्या साहाय्याने इंग्रजीत आणल्या. उत्तरायण्याने त्यांपैकी एकीची प्रस्तावना वाचलेली असते.

भाड्याची मोटार घेताना दार दोन्ही हातांनी धरून उघडण्याची ताकीद त्याला मिळते, कारण तेथील वारा दार बिजागरीसकट उलटे फिरवतो आणि अशी मोडतोड विम्यात बहुधा बसत नाही. ही ताकीद त्याला पदकासारखी वाटते. स्ट्रोक्कुर हा उष्णोदकाचा फवारा साधारणतः दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो, आणि उत्तरायणी नेमका त्याच क्षणी कॅमेऱ्याची काच पुसत असतो. न्हाणीघरातील गरम पाण्याला नासक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. घरी असता तर त्याने प्लंबर बोलावला असता, येथे तो डोळे मिटून भूगर्भाशी संवाद साधतो. गंमत अशी की समुद्रकिनाऱ्याला नाक मुरडणारा हा मनुष्य रेय्निसफ्याराच्या काळ्या वाळूवर तासभर उभा राहतो. मात्र तेथील लाटा अवचित चढून माणसे ओढून नेतात, म्हणजे पोहणे अशक्य आहे, एवढ्याने त्या किनाऱ्याचा दोष धुऊन निघतो.

खरी कसोटी सार्वजनिक तरणतलावात लागते. भूगर्भातील उष्णतेने तापवलेल्या या तलावांत उतरण्यापूर्वी सर्वांसमक्ष विवस्त्र होऊन साबणाने अंग धुणे सक्तीचे असते, आणि वादळाला न भिणारा इंग्रज येथे टॉवेल शोधू लागतो. पुढे चाळिसेक अंशांच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून, डोक्यावर हिमकण झेलत, तो शेजारच्या स्थानिक गृहस्थाजवळ त्या भूमीची स्तुती आरंभतो. तो गृहस्थ ती सभ्यपणे ऐकून घेतो आणि आपण शनिवारी सहकुटुंब तेनेरीफला चाललो असल्याचे सांगतो. कॅनरी बेटांतील या उन्हाळ बेटावर आइसलँडवासीयांचे इतके प्रेम आहे की घरगुती बोलण्यात ते त्याला नुसते 'तेने' म्हणतात.

लंडनला परतल्यावरच्या वृत्तांतात वारा असतो, आडवा पाऊस असतो, गंधकसुद्धा असतो. कुंडातील तो गृहस्थ मात्र कधीच येत नाही.