ईसिमो आजी

माद्रिदच्या लावापिएस भागात जुन्या 'कोर्राला' आहेत. मधे चौक, भोवती लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे आणि कपड्यांआडून चाललेली टेहळणी. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला इथं फक्त भाषाच शिकायची उरते. ती शिकवायला प्रत्येक कोर्रालात एक आजी असतेच.

या आजीच्या जगात साधं असं काही घडत नाही. टोमॅटो महाग नसतो, 'कारीसिमो' असतो; 'ईसिमो' हा 'अति'चा प्रत्यय. जिना 'अल्तीसिमा', म्हणजे अतिउंच, असतो, कारण स्पॅनिशमध्ये तो बाईमाणूस आहे. खालच्या बारमधली कॉफी 'मालीसिमो', म्हणजे अतिवाईट, तरी ती दिवसातून दोनदा प्यायची. शेजारणीचा नवरा 'गुआपीसिमो', म्हणजे अतिदेखणा. तो वारल्यापासून तर आणखीच देखणा झालाय. स्वतः आजी भुकेनं मरते, थंडीनं मरते, उकाड्यानं मरते, आणि ऐंशी ओलांडून ठणठणीत आहे.

पहिल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला तेव्हा मी घाम पुसत "मुय कालोर" म्हणालो. समोरच्या गॅलरीतला पंखा हलायचा थांबला. "मुचो, इखो, मुचो कालोर!" इखो म्हणजे लेकरा. कालोर हे नाम, त्याला मुचोच हवं. मुय हे विशेषणापुढचं किंवा क्रियाविशेषणापुढचं. शिवाय मुयला एकट्यानं उभं राहता येत नाही. "दमलास?" ला मी नुसतं "मुय" म्हटलं, तर आजी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली. मुय हा मिरवणुकीतला भालदार: मागून कोणी येणार असेल तरच त्याच्या ललकारीला अर्थ. एकट्यानं उत्तर द्यायचं तर तिथंही मुचोच.

पण माझा खरा घात मातृभाषेनं केला. आपलं 'फार' मोठं गुणी. भाजी फार छान झाली तरी फार, फार खारट झाली तरी फार. कौतुक की तक्रार, ते ऐकणाऱ्यानं आवाजावरून ओळखावं. स्पॅनिशनं ही दोन खाती वेगळी ठेवलीत. मुय आणि मुचो म्हणजे खूप. देमासियादो म्हणजे नको इतकं. हे कळण्याआधी आजीनं तोर्तिया आणून दिली. ही अंडी-बटाट्याची जाड पोळी. तीत कांदा घालावा की नाही यावरून स्पेनमध्ये घराघरांत दोन पक्ष आहेत, हेही मला कुठं माहीत! आजी कट्टर कांदेवाली. मी तोंडभर हसून म्हणालो, "देमासियादा सेबोया!" कांदा सढळ हातानं घातलाय, असं मला म्हणायचं होतं. आजीला ऐकू गेलं, कांदा अति झालाय.

सारवासारव करायला शब्दकोशातला भरवशाचा शब्द काढला: "बास्तान्ते बुएना." म्हणजे बऱ्यापैकी चांगली. जी बाई पावालाही ईसिमोखाली उतरू देत नाही, तिच्या तोर्तियाला बऱ्यापैकी! दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या हिशेबानं दोन शतकं.

त्या अबोल्यात इतरांकडून शिकलो. आजीचा नातू आवडलेल्या प्रत्येक गोष्टीला "मोला माथो" म्हणतो. आपलं 'लय भारी', अगदी त्याच ठसक्यात. माझा अर्जेंटिनाचा खोलीसोबती सगळ्याला 'रे' लावतो. "रे बुएनो" म्हणाला की मला वाटायचं, हाक मारतोय. आपण रे मागून लावतो, ते पुढून लावतात, आणि त्यांचा रे प्रेमाचा नसून परिमाणाचा. आजीला हा रे पोरकट वाटतो. तिला 'रेकेते' लागतो, 'रेकेतेबुएनो'. जुन्या माणसांचं काम भरजरीच.

तिसऱ्या दिवशी मी तहाची बोलणी करायला पोहे केले. गॅलरीत ताट नेऊन ठेवलं. मिरच्या माझ्या हातानं पडल्या होत्या, म्हणजे गिरगावच्या मापानं. आजीनं पहिला घास घेतला. नाक लाल झालं, डोळ्यांतून धारा लागल्या, हात पाण्याच्या सुरईकडे गेला, ग्लास न शोधता सुरईच तोंडाला लागली. सगळी कोर्राला कठड्यांवर ओणवी झाली होती. आता एखादा ईसिमो येणार, बहुधा ओळीनं चार येणार, म्हणून मी मान खाली घातली.

आजीनं पदर नसल्यानं एप्रनला डोळे टिपले, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "उन पोकितो पिकान्ते."

इवलंसं तिखट.