पॅडची पत्रिका

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चौथ्या फेरीत मी ब्रेक दाबला आणि गरम शिऱ्यात चमचा जावा तसं पेडल खाली गेलं. गाडी थांबली, पण तिच्या सवडीने, आणि डांबर सोडून गवतात. शेजारी बसलेला भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, डोळे उघडा. थांबलोय आपण."

ट्रॅकची कल्पना त्याचीच. पुण्याहून कोइमतूर बाराशेच्या आसपास किलोमीटर, आणि ट्रॅक 2.1 किलोमीटरचा. हौशी श्रीमंत लोक ट्रॅकची गाडी ट्रेलरवर घालून आणतात. आम्ही भाजी आणायची हॅचबॅकच चालवत नेली. डिकीत जुने टायर आणि आईने दिलेला चिवडा. आता तीच गाडी घेऊन परत यायचं होतं. बाराशे किलोमीटर मी पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवून आलो, की त्यात लोकांनी ट्रक घातले.

कोथरूडच्या आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी चाक उतरवलं, पॅड काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "साहेब, पापड भाजलाय तुम्ही." पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता. मग त्यांनी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंत?" मी आठवतोय असा चेहरा केला. त्यांनी तो ओळखला. या वर्गातला मी पहिला विद्यार्थी नसणार.

ब्रेक ऑइल म्हणजे पावसाळ्यातली मिठाची बरणी. झाकण कितीही घट्ट लावा, हवेतलं पाणी ते शोषणारच. डॉट 4 जातीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत खाली येते. त्यापुढे नळीत बुडबुडे होतात, आणि आपण पाय दाबतो तो ब्रेकवर न पडता त्या बुडबुड्यांवर पडतो. माझा शिरा तो हाच.

पण एवढी उष्णता येते कुठून? भाच्याने हिशेब करून दाखवला आणि तेव्हापासून मला सिग्नलवर चहाची तल्लफ येते. माणसांसकट 1,100 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली, तर त्या एका ब्रेकमध्ये साधारण सव्वा लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता निघते. त्यातली बरीचशी पुढच्या चार पॅडच्या माथी, कारण ब्रेक लागला की गाडी पुढे झुकते. वेग निम्मा केला की उष्णता पाव होते. म्हणजे कर्वे रस्त्यावर मी 25 च्या वेगातून ब्रेक मारतो तेव्हा एक कटिंग होतो, आणि ट्रॅकवर 100 वरून मारतो तेव्हा सोळा. दर वळणाला सोळा, मिनिटभर उसंत नाही. अशा अमृततुल्यात कंपनीने दिलेले साधे पॅड टिकावेत तरी कसे? त्यांची नेमणूक एका कटिंगवर झालेली.

तेव्हा नवे पॅड घ्यायचे ठरले. हा प्रश्न तसा जुना आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझबाई नवऱ्याला न सांगता त्याची मोटार आणि दोन मुलगे घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटर. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाईंनी एका चांभाराला गाठून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातला पहिला ब्रेक पॅड अशा रीतीने पंधरावीस मिनिटांत निवडला गेला असावा. पुढे 1897 मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांनी या वस्तूचा कारखानाच काढला. त्यांच्या आडनावाची अक्षरं हलवली आणि बायकोच्या एलिझाबेथचं एक अक्षर घातलं, की फेरोडो हे नाव होतं. बायकोचं नाव माणसं बंगल्याला देतात. फ्रूडसाहेबांनी ब्रेकला दिलं. त्यावर मी काही बोलणार नाही. हा लेख घरात वाचला जातो.

मला निवडायला पाच आठवडे लागले.

पॅड निवडणं म्हणजे स्थळ बघणं. पुष्कळ पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती त्याची पत्रिका. पहिलं अक्षर एरवीचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.45 पर्यंत, जी म्हणजे 0.55 पर्यंत. एफएफ असेल तर तापला तरी मूळ स्वभावाला धरून राहणारा मुलगा. एफई म्हणजे एरवी गुणी, पण संतापला की हात सोडणारा. माणसांच्या पत्रिकेत हे दुसरं अक्षर का छापत नाहीत कळत नाही. निम्मी कोर्टं ओस पडतील.

मग जाती. सेंद्रिय पॅड मऊ, गप्प, ट्रॅकवर लगेच हाय खाणारे. सिरॅमिक स्वच्छतेचे भोक्ते. चाकावर काळी पूड येऊ देत नाहीत. धातुमिश्रित पॅड उष्णतेला खमके, पण पूड टाकणार, आवाज करणार आणि डिस्क खाणार. आणि निव्वळ शर्यतीसाठीचे पॅड म्हणजे पहिलवान. खुराक दिल्याशिवाय, म्हणजे चांगले तापल्याशिवाय उठतच नाहीत.

मी अर्थातच पहिलवान आणला. उस्ताद नको म्हणत होते, भाचा हो म्हणत होता, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस भाच्याचं ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी ब्रेक दाबला. पॅड थंडगार. त्याने, विचार करून कळवतो, असा काहीसा प्रतिसाद दिला. वेग दहाचा होता म्हणून बरं. वॉचमनने फाटक उघडण्यात जी चपळाई दाखवली ती गेल्या सहा वर्षांत पाहिली नव्हती. कर्वे रस्त्यावर पॅड लागले, पण किंचाळत. एका रिक्षावाल्याने वाकून विचारलं, "काका, हॉर्न बदलला का?" चार दिवसांत चाकं कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखी काळी झाली. आईला मात्र पॅड आवडले. "तू कोपऱ्यावर आलास की इथं ऐकू येतं. मी लगेच पोळ्या टाकायला घेते," ती म्हणाली. अकरा दिवस आम्ही गरम पोळ्या खाल्ल्या.

बाराव्या दिवशी गॅरेजात गेलो. उस्तादांनी हात पुसले आणि जो प्रश्न पाच आठवड्यांपूर्वी मी स्वतःला विचारायला हवा होता तो विचारला.

"वर्षाला गाडी किती चालते?"

"दहा हजार."

"त्यातली ट्रॅकवर?"

"साडेआठ."

"साडेआठ हजार?"

"नाही. साडेआठ."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शेल्फवरून मधल्या ताकदीचा धातुमिश्रित पॅड काढला, थंडीतही धरणारा, तापला तरी बराच वेळ तग धरणारा. ब्रेक ऑइल सगळं काढून नवं डॉट 4 भरलं. म्हणाले, "निम्मं काम या बाटलीचंच होतं. उरलेलं निम्मं तुमच्या पायाचं. पाय ब्रेकवर टेकवून ठेवता तुम्ही. घाटात आमचे एसटीवाले गिअरवर उतरतात, ते काय हौस म्हणून?" हे मला लागलं, कारण खरं होतं.

नव्या पॅडला डिस्कची सवय करून द्यावी लागते. 80 वरून 20 पर्यंत जोरात ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असं आठदहा वेळा. पण मध्ये पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर तापलेल्या पॅडचा छाप डिस्कवर एकाच जागी बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. पुण्यात न थांबता दहा वेळा ब्रेक मारण्याजोगा रस्ता शोधायचा म्हणजे पहाटे पाचलाच निघायला हवं. बायपासला, मागे कुणी नाही हे दर वेळी आरशात बघून, माझा सातवा ब्रेक झाला तेव्हा कडेला उभ्या हवालदारांनी हात केला. थांबायचं नव्हतं, थांबलो.

"काय हो, ब्रेक लागत नाहीत का?"

"लागतात साहेब. त्यांना शिकवतोय."

त्यांनी मला तोंडाचा वास द्यायला लावला. चिवड्याचा आला असावा. सोडलं.

नंतर पुन्हा कोइमतूरला जाऊन आलो. पाच फेऱ्या जोरात, एक सावकाश, पुन्हा पाच. पेडल जागेवर राहिलं, गवत लांबूनच पाहिलं. भाच्याच्या मते अजून जहाल पॅड हवेत. आईच्या मते पोळ्या गार होतात.

पहिलवानांचा जोड डिकीत खोक्यात आहे. पुढच्या चाकांचा, अकरा दिवस वापरलेला, आवाज खणखणीत. सकाळी थंड असताना लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ट्रेलर असलेल्यांनीच चौकशी करावी.