बोलणाऱ्यांची नावे

पहाटे ५ वाजून ३२ मिनिटांनी ग्रुपवर मेसेज आला : ‘वर्गणी न दिलेल्यांची नावे.’ खाली अनुक्रमांक घालून अकरा जण. मी सातवा. माझ्या नावापुढे दोन फुल्या होत्या. तिसरी पडली की काय होतं, ते आमच्या वर्गातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी चष्मा शोधण्याआधी फोन शोधला आणि दीड हजार रुपये पाठवून दिले.

“एवढ्या पहाटे कुणाला पैसे?” बायको पांघरुणातूनच म्हणाली.

“मॉनिटरला.”

“त्याला नाव नाही का?”

नाव आहे. चांगलं देवाचं नाव आहे. पण ते आठवायला मला हजेरीपट डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि हजेरीपट म्हटलं की पुन्हा मॉनिटरच डोळ्यांपुढे येतो.

ज्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर वर्गाबाहेर गेले की मॉनिटर उठायचा, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखायचा आणि वर मथळा लिहायचा : ‘बोलणाऱ्यांची नावे’. पहिल्यांदा बोललं की नाव. त्यानंतर दर शब्दाला फुली आणि दर फुलीला छडी. बाकीच्या तुकड्यांचे मॉनिटर माणसांत होते. अर्धा पेरू किंवा वासाचा नवा खोडरबर पुढे केला की तिथे फुल्या पुसल्या जायच्या. आमच्यानं सख्ख्या चुलतभावाला चार फुल्या दिल्या होत्या. नाव लिहिताना ऱ्हस्व-दीर्घही सांभाळलं होतं.

आम्ही मार्च १९९०चे दहावीवाले, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. ते वर्षच वाईट. नोव्हेंबरात आमच्याच वयाचा सचिन तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळायला उतरला, आणि डिसेंबरात सियालकोटला नाकावर चेंडू बसून रक्त आलं तरी खेळत राहिला. घरोघरच्या वडलांना आयतं कोलीत मिळालं. “तुझ्याएवढंच पोर आहे ते! आणि तुला एक प्रमेय पाठ होत नाही?” त्यात रविवारी सकाळी नऊला दूरदर्शनवर ‘महाभारत’, आणि गणिताच्या सरांनी जादा तास ठेवला तोही रविवारी सकाळी नऊला. द्यूताचा भाग होता त्या रविवारी एकसष्टपैकी दोघं वर्गात आले. एकाच्या गल्लीत कुणाकडेच टीव्ही नव्हता, आणि दुसरा मॉनिटर. त्यानं गैरहजर एकोणसाठ जणांची नावं फळ्यावर लिहायला घेतली, फळा संपला, तेव्हा उरलेली कागदावर लिहून सरांच्या हातात दिली. तिकडे हस्तिनापुरात एकाच बाईची विटंबना झाली. आमच्याकडे सोमवारी एकोणसाठ जणांची झाली.

पुढे सगळ्यांच्या आयुष्यात काय काय झालं. मॉनिटरच्या आयुष्यात पोस्टातली नोकरी झाली, तीही गावातच. माणसं आणि त्यांचे पत्ते जुळवण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर त्याला दुसरं काय हवं होतं? पण पत्रं कमी होत गेली तशी ही हौस मोकळी पडली, आणि पन्नाशीच्या सुमारास त्याच्या मनात आलं की एकसष्ट जणांची हजेरी पस्तीस वर्षं घ्यायची राहिली आहे.

मुलं पटापट सापडली. निम्मी पिंपरी-चिंचवडला, पाच-सात मुंबईला, एक न्यू जर्सीला, बाकीची गावातच. खरी पंचाईत मुलींची. हजेरीपटावरचं आडनाव लग्नात गेलं, काहींचं तर नावही गेलं. माहेरचे भाऊ पत्ता द्यायला तयार नाहीत. पस्तीस वर्षांनी कुणी पुरुष बहिणीचा नंबर मागायला आला तर कोण देईल? मॉनिटरनं दोन दिवस विचार केला आणि भाऊबीजेला सकाळी सातला एसटी स्टँडवर जाऊन बसला. मांडीवर आखीव वही, खिशाला दोन पेनं. गाडी लागायची, पन्नाशीकडे झुकलेली एखादी बाई मिठाईचा पुडा सांभाळत उतरायची, की हा पुढे.

“नव्वदची दहावी का?”

दोघींनी पदर सावरून काढता पाय घेतला. एकीचा भाऊ अंगावर धावून आला. दुपारी वाहतूक नियंत्रकानं केबिनमध्ये बोलावून चौकशी केली, ती ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की आपलीही बायको याच शाळेची, आणि त्यानंतर मॉनिटरला केबिनमध्ये पंखा आणि चहा मिळाला. दिवेलागणीपर्यंत नऊ मुली सापडल्या होत्या. दहावी म्हणून जिला गाठलं ती शहाऐंशीची निघाली. तिला त्यानं सोडलं नाही. “तुमच्या बॅचला मॉनिटर कोण होता?” असं विचारलं, आणि तो मुंबईला असतो आणि काहीच करत नाही हे ऐकून बराच वेळ मान हलवली.

ग्रुप झाला. नियम आले : सुप्रभात नको, फुलं नकोत, राजकारण नको, आणि मुलींचा उल्लेख करताना पुढे ‘ताई’ लावावे. रात्री दहाला तो ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे बटण दाबायचा. व्हॉट्सॲपनं ही सोय कशासाठी केली असेल ती असो, आमच्याकडे ती ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणून चालते. आमच्यात पुण्याचा एक हृदयरोगतज्ज्ञ आहे, पोलीस खात्यातला एक मोठा अधिकारी आहे. दहानंतर सगळे चिडीचूप.

‘ताई’वर मात्र रेडिओनं हरकत घेतली. रेडिओ म्हणजे फळ्यावरचा पहिल्या क्रमांकाचा मानकरी. आता साताऱ्याला वकिली करतो, म्हणजे ज्याच्या छड्या खाल्ल्या त्याचीच फी घेतो. त्यानं लिहिलं, ‘मला हा नियम लागू करता येणार नाही. अनुक्रमांक ४८ माझी बायको आहे.’

ग्रुपवर हसण्याचा पूर आला. तो ओसरल्यावर मॉनिटरचा प्रश्न आला : ‘शाळेत मुलामुलींना एकमेकांशी बोलायला बंदी होती. तुमचे बोलणे शाळेच्या वेळेत सुरू झाले की नंतर?’

रेडिओनं आजतागायत उत्तर दिलेलं नाही. पूर्ण वकिली कारकिर्दीत त्याला एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल.

तारीख ठरायला तीन महिने लागले. लग्नसराई, संकष्टी, कुणाच्या गावची जत्रा, कुणाच्या सुनेचे दिवस भरलेले. शेवटी मे महिन्यातला एक रविवार मिळाला. शाळेला सुट्टी आणि आंब्याचा मोसम, त्यामुळे आमरस-पुरी एकमतानं. मठ्ठ्यावर मतदान घ्यावं लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा मॉनिटर फाटकात उभा होता. पांढरा शर्ट, खाकी रंगाच्या जवळची पँट, हातात खडूची नवी पेटी आणि घरून आणलेलं डस्टर. बाकीचे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, ‘अरे टकल्या’ म्हणत होते. त्यानं मला मिठीबिठी मारली नाही. घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, “नऊची वेळ होती.”

नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. मी पस्तीस वर्षांनी भेटत होतो. “सॉरी,” म्हटलं आणि आत गेलो.

बसायचं अनुक्रमांकानं, आपापल्या बाकावर. बाक तेच होते. माझ्या बाकावर कर्कटकानं कोरलेला बाण अजून होता. बाणाच्या टोकाला कुणाचं तरी नाव होतं तिथे पुढल्या पिढ्यांनी क्रिकेटचा धावफलक मांडला होता. बाक आणि डेस्क यांच्यामधलं अंतर मात्र चौदा वर्षांच्या पोटाचं. हृदयरोगतज्ज्ञ आडवा होऊन आत शिरला आणि दुपारपर्यंत बाहेर येऊ शकला नाही. पलीकडे मुलींची रांग. तीन वर्षं एका वर्गात बसूनही ज्यांच्याशी चकार शब्द बोललो नव्हतो त्यांच्याशी आता काय बोलायचं? ‘तू’ म्हणावं तर सलगी, ‘तुम्ही’ म्हणावं तर बँकेत आल्यासारखं. बहुतेकांनी क्रियापदाशिवायची वाक्यं शोधून काढली : “मग, पुण्यात का सध्या?” “मुलं किती?” “बरंय बरंय.”

मॉनिटरनं हजेरी घेतली. एक, हजर. दोन, हजर. तीनला न्यू जर्सीवरून कुणाच्या तरी मोबाइलमधून ‘प्रेझेंट’ आलं, तेव्हा त्यानं “मराठीत” म्हणून परत बोलायला लावलं. आवाज वाढत चालले होते, खिदळणं चाललं होतं. बावीस. कुणी बोललं नाही. बावीसला जाऊन सहा वर्षं झाली होती, सगळ्यांना माहीत होतं. मॉनिटरनं वहीतून मान वर काढली नाही.

“अर्ज आलाय,” म्हणाला. “तेवीस.”

तेवीसला ‘हजर’ म्हणायला जरा वेळ लागला.

साडेदहाला गणिताचे सर आले. वय शहाऐंशी, नातवाच्या खांद्यावर हात, पण डोळे तेच. नजर फिरली तशी रांगेनं पोटं आत गेली. एकेक जण पाया पडायला जाऊ लागला आणि सरांनी थक्क केलं. रेडिओला पाहून म्हणाले, “तू अजून जिवंत? तुझ्यावर मी वेताच्या तीन छड्या मोडल्यात.” पोलीस अधिकाऱ्याला म्हणाले, “माझ्या सायकलीची हवा सोडणारा तूच ना रे?” तो सलाम करत ‘हो’ म्हणाला. प्रमेयाच्या जागी सिनेमाचं गाणं लिहिणारा, खिडकीतून पळणारा, ‘२१ अपेक्षित’ वहीत लपवून चाचणीला बसणारा, सगळे त्यांनी ओळखले. मलासुद्धा ओळखलं. कशावरून, ते सांगण्यासारखं नाही.

सर्वांत शेवटी मॉनिटर वाकला. चांगला वेळ वाकलेला राहिला. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि नातवाकडे पाहून विचारलं, “हे कोण? शिपाई का?”

“सर, मी मॉनिटर.”

“अस्सं. कुठल्या वर्षी?”

वर्गात टाचणी पडली असती तर मॉनिटरनं तिचंही नाव लिहिलं असतं. पण तो सरळ उभा राहिला, शर्ट खाली ओढला, “सर, पाणी आणतो,” म्हणाला आणि बाहेर गेला. सरांचाही दोष नाही. ज्यानं त्यांना तीन वर्षांत एकदाही छडी उचलायला लावली नाही त्याला त्यांनी कशावरून लक्षात ठेवायचं?

पाणी आलं. कार्यक्रम पुढे सरकला. प्रास्ताविक अर्थातच मॉनिटरचं. ते त्यानं लिहून आणलं होतं, फुलस्केपच्या दोन्ही बाजूंनी. एसटी स्टँड, वही, वर्गणी, आचाऱ्याची तीन दरपत्रकं, मठ्ठ्याचं मतदान. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाहेर पुऱ्या तळायला टाकल्याचा वास आला. सरांची मान पुढे झुकली. पंचविसाव्या मिनिटाला, ‘किरकोळ खर्च’ या मुद्द्यावर, रेडिओ बाकावरून उठला, पाय न वाजवता फळ्यापाशी गेला, खडूच्या पेटीतला एक कोरा खडू घेतला आणि उजव्या कोपऱ्यात चौकट आखली.

‘बोलणाऱ्यांची नावे

१. मॉनीटर × × ×’

सगळा वर्ग पोट धरून हसला. जमेल तेवढं, बाकाच्या बेतानं. त्या आवाजानं सर जागे झाले. चष्मा वर सरकवून त्यांनी फळा वाचला, आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा आवाज वर्गात उमटला.

“कोण रे हा मॉनिटर? पुढे ये.”

मॉनिटर फळ्यापाशी आला. कागद घडी करून खिशात ठेवला. मग, आम्ही सगळे पाहत असताना, त्यानं डस्टर उचललं, ‘मॉनीटर’मधली दीर्घ वेलांटी पुसली आणि ऱ्हस्व घातली. क्षणभर विचार करून एक फुलीही वाढवली. रेडिओनं मोजताना एक कमीच धरली होती.

“चार फुल्या,” सर म्हणाले. “लाज वाटत नाही? अंगठे धर.”

मॉनिटर वाकला. हात गुडघ्यांपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले.

“अंगठे म्हणालो. गुडघे नव्हे.”

“सर, येत नाहीत.”

“मग प्रयत्न करत राहा. नाव काय तुझं?”

त्यानं त्याच अवस्थेत, चेहरा लालबुंद झालेला, पूर्ण नाव सांगितलं. वडलांच्या नावासकट. सर ते दोनदा पुटपुटले.

मी फोटो काढला. वाकल्या वाकल्याच त्यानं मला बजावलं, “ग्रुपवर टाकू नकोस. नियमात बसत नाही. मला एकट्याला पाठव.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजून ३२ मिनिटांनी ग्रुपवर हिशेब आला : जमा, खर्च, खडू एक पेटी, शिल्लक २१४ रुपये. त्याच्या वर, दोन मिनिटं आधी, तो फोटो होता. टाकणाऱ्याचं नाव मॉनिटर, आणि खाली त्यानंच स्वतःला दिलेली एक फुली.