पडलेल्या झाडाची प्रदक्षिणा

उभ्या झाडाकडे कोकणात कुणी वळून पाहत नाही. ते आडवं झालं की मात्र सगळी वाडी गोळा होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत एका दुपारीत इतकी झाडं आडवी करून गेलं, की झाडं जास्त आणि बघे कमी अशी दुर्मीळ परिस्थिती उद्भवली. पोफळी आगरात, नारळ कौलांवर, आंबा विजेच्या तारांवर आणि फणस नेमका पाखाडीत. करोनाच्या टाळेबंदीचे दिवस होते. एकमेकांपासून सहा फूट लांब राहायचा सरकारी हुकूम होता, पण पडलेल्या आंब्याभोवती तो कुणी पाळल्याचं आठवत नाही.

त्या दिवसांत पंचक्रोशीत मान एकालाच होता, तो म्हणजे कटरवाला. चेनसॉला आमच्याकडे कटरच म्हणतात. आमदारांची वाट पाहिली नसेल इतकी लोक त्याची वाट पाहत. तो आला की दोरी ओढणार, घर्र करून मशीन सुरू करणार आणि काकडी चिरावी तसं झाड चिरून जाणार, अशी सगळ्यांची कल्पना. पण जो खरा जाणता असतो तो मशीन टेम्पोतच ठेवतो आणि झाडाभोवती फिरू लागतो. वाकून खालून बघतो. एखाद्या फांदीवर पाय देऊन तिचा अंदाज घेतो. तंबाखू मळत मळत पुन्हा एक फेरी मारतो. पैसे तासावर ठरलेले असतात, त्यामुळे मालकाचा जीव खालीवर होतो. “अहो, हा आंबा आहे, वड नाही. फेऱ्या कसल्या घालताय?”

मला विचाराल तर त्या फेऱ्यांतच सगळी विद्या आहे. आडवं झाड म्हणजे थकून निजलेलं झाड, हा आपला गोड गैरसमज. त्याच्या अंगात केवढा तरी ताण कोंडलेला असतो. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी असेल, तर वरची बाजू आवळलेली आणि खालची ताणलेली असते. अशा खोडाला वरूनच कापत गेलं तर चीर मिटत जाते आणि चेन जिच्याभोवती फिरते ती मशीनची पट्टी चिमट्यात धरल्यासारखी अडकून बसते. म्हणून आधी वरून साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत चीर द्यायची आणि उरलेलं खालून वर कापत न्यायचं. एकच टोक टेकलेलं असेल तर सगळं उलट, म्हणजे पहिली चीर खालून आणि मग वरून. हे चुकलं तर खोड उभं फाटतं. उतारावर आणखी एक पथ्य असतं: ओंडका गडगडणार, म्हणून माणसानं नेहमी चढाच्या बाजूला उभं राहायचं. आणि कोकणात उतार नाही अशी जागा फक्त समुद्र.

सगळ्यात लबाड असतो तो मुळांचा गड्डा. झाड उन्मळलं की तो भिंतीसारखा उभा राहतो आणि खाली मोठा खड्डा पडतो. बुंधा कापून वेगळा झाला, की वजनातून सुटलेला गड्डा कधी कधी धाडकन मागे जाऊन त्याच खड्ड्यात परत बसतो. आणि बघ्यांच्या पोरांची आवडती जागा कोणती, तर तोच खड्डा! तिथून पोरं हुसकावणं हे झाड कापण्याइतकंच मोठं काम असतं. शिवाय आजोबा वर्गातली मंडळी जागेवरून हलत नाहीत, कारण त्यांना सल्ला द्यायचा असतो.

मशीनचा स्वभावही तापटच. पूर्ण वेगात चेन सेकंदाला वीसेक मीटर पळते, आमच्या घाटातली एस.टी. तेवढी कधी पळाली नसेल. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग चुकून कशाला टेकला, तर मशीन उसळून थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. म्हणून पुढच्या मुठीला डाव्या हाताच्या अंगठ्याचा वेढा सुटता कामा नये आणि मशीन खांद्याच्या वर जाता कामा नये. बाहेरदेशी कापणारे खास विजारी घालतात. त्यांच्या अस्तरात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे तिच्या चाकात गुंततात आणि ती जागच्या जागी थांबते. आपल्याकडची संरक्षक सामग्री म्हणजे बर्मुडा, रबरी चप्पल आणि ग्रामदेवता. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घ्यायला पूर्वी निदान नेम धरावा लागे.

आता एक गंमत. या चेनच्या दातांचा आकार एका अळीनं सुचवला आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. जबडा डावीउजवीकडे चालवत ती आडव्या-उभ्या रेषांची पर्वा न करता लाकूड कुरतडत होती. त्यानं तिची नक्कल करून चेन बनवली आणि आजच्या चेन त्याच वळणावर आहेत. म्हणजे खोड पोखरणाऱ्या ज्या भिरुडाच्या नावानं बागायतदार आयुष्यभर बोटं मोडतो, त्याच्याच भाऊबंदांच्या जबड्याची नक्कल तो तासावर भाड्यानं आणतो.

तो दात बोथट झाला की मशीन कापत नाही, फक्त ओरडतं. भुश्याकडे पाहावं: चेन धारदार असेल तर जाडसर कीस पडतो, बोथट असेल तर पीठ. नारळ तर धारेचा वैरीच, बाहेरून टणक आणि आत मऊ. मग कटरवाला ओंडक्यावर बसून एकेका दातावरून कानस फिरवत राहतो आणि मालक पुन्हा घड्याळ बघतो.

म्हणून पुढच्या पावसाळ्यासाठी एवढंच सांगणं आहे. पैसे तासावर ठरवू नका, झाडावर ठरवा आणि कटरवाल्याला हव्या तेवढ्या फेऱ्या घालू द्या. स्वतः चांगले लांब उभे राहा, पोरांना घरात ठेवा आणि चहात साखर किती घालू, हे मशीन बंद झाल्यावरच विचारा.